व्हॉल्व्ह बसवायला एक्स-रेच हवा का?

छाती न उघडता हार्टचा व्हॉल्व्ह बदलतात हे आता बऱ्याच जणांना माहितीये, टावी म्हणतात त्याला. फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ साली माणसावर पहिल्यांदा केलं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून दाबून बारीक केलेला व्हॉल्व्ह हार्टपर्यंत सरकवत न्यायचा आणि कडक झालेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या आतच उघडायचा, तेही कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रे मशीन असलेल्या ऑपरेशनच्या खोलीत, स्क्रीनकडे बघत बघत.

पण गंमत म्हणजे एक्स-रेला हार्ट धड दिसतच नाही. तार दिसते, व्हॉल्व्हची धातूची जाळी दिसते, साठलेलं कॅल्शियम दिसतं, पण स्नायू कुठे संपला आणि रक्त कुठे सुरू झालं ते काही कळत नाही, म्हणून मध्ये मध्ये आयोडीनवाला डाय सोडायचा, तो किडनीला त्रास देऊ शकतो, आणि हे पेशंट बहुतेक सत्तरी-ऐंशीतले, त्यातल्या अनेकांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनी आधीच कमजोर! शिवाय रेडिएशन. पेशंटला ते तेवढ्यापुरतं, पण डॉक्टर, नर्स, टेक्निशियन रोज त्यातच, अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून तासन्‌तास उभे. कंबरदुखी त्या कामात ठरलेलीच.

अल्ट्रासाऊंडचं बरोब्बर उलटं. म्हणजे आपला टूडी इकोच. त्यात झडपेची पाकळी हलताना दिसते, रक्त कुठून कुठे चाललंय ते रंगात दिसतं, नवा व्हॉल्व्ह बसल्यावर कडेने गळतंय का तेही डॉप्लरवर तिथल्या तिथे कळतं. प्रोब अन्ननलिकेत उतरवला, ज्याला टीईई म्हणतात, तर तो थेट हार्टच्या पाठीमागे पोचतो, मध्ये फुफ्फुसातली हवा आणि बरगड्या येत नाहीत. गळक्या मायट्रल व्हॉल्व्हला क्लिप लावतात ती मुख्यतः टीईई बघूनच. गरोदर बाईचा अरुंद झालेला मायट्रल व्हॉल्व्ह फुग्याने उघडायचा असेल तेव्हाही बाळाला रेडिएशन नको म्हणून इकोवर भर देतात. बीजिंगच्या फुवाई हॉस्पिटलमध्ये तर हार्टमधली भोकं एक्स-रे न वापरता नुसत्या इकोवर बुजवतात.

मग टावी सरसकट इकोवर का नाही करत? तर धातूच्या मागे सावली पडते, तिथलं काहीच दिसत नाही. आणि इको एका वेळी हार्टचा पातळ काप दाखवतो, त्यामुळे तारेचं टोक कुठलं आणि मधला भाग कुठला हे फसवं असतं, थ्रीडी इकोने बरंच सोपं झालंय तरी. इथे काम मिलिमीटरचं आहे, व्हॉल्व्ह जरा खाली गेला की हार्टचे ठोके चालवणाऱ्या वायरिंगवर दाब येऊन पेसमेकर लागू शकतो, जास्त वर गेला तर निसटायची भीती. त्यात ऑपरेशनभर टीईई आत ठेवायचा तर बहुतेकदा पूर्ण भूल लागते, आणि टावी तर हल्ली हलक्या गुंगीत उरकण्याकडे कल आहे, म्हणून सुरुवातीच्या काळात सर्रास असलेला टीईई उलट कमी झाला. मला हे जरा अजबच वाटतं.

आणि हो, टावीच्या दिवशी डाय वाचवला तरी व्हॉल्व्हचं माप घ्यायला आधी सीटी स्कॅन करतात, त्यातही डाय असतोच. किडनी फारच नाजूक असेल तर ते माप थ्रीडी टीईईवरही घेता येतं.