साखर ‘निघते’ तेव्हा

मराठवाड्यात कुणाला मधुमेह होत नाही, साखर निघते. ‘अण्णाला साखर निघाली’, ‘तिच्या मालकालाबी निघाली म्हणं.’ बोअरला पाणी निघावं किंवा घरात साप निघावा, तशी. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण बहुतेकांची साखर खरोखर अशीच निघते: मोतीबिंदूच्या शिबिरात, बाळंतपणाच्या तपासणीत, नाहीतर पाय चिघळल्यावर. ती शोधायला कुणी गेलेलं नसतं. आणि जी निघाली ती कधीतरी परत आतही जाईल, अशी आशाही त्या शब्दात दडलेली आहे.

अंबाजोगाईजवळच्या खेड्यात राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंची साखर डोळ्यांच्या शिबिरात निघाली. त्यांना भीती कमी आणि राग जास्त आला. ‘मी तं चहाबी बिनसाखरेचा घेते. मला कशानं निघाली?’

प्रश्न रास्त आहे. आजाराचं नावच ‘साखर’ असल्यावर माणूस डब्यातल्या साखरेकडे बोट दाखवणारच. पण रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज, आणि ते भाकरीतूनही येतं, भातातूनही. काही खाल्लं नाही तरी येतं, कारण आपलं यकृत रात्रभर साठ्यातली साखर रक्तात सोडत असतं, नवीही बनवतं. स्वादुपिंडातून येणारं इन्शुलिन त्याला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. या आजारात तो निरोप यकृतापर्यंत धड पोचत नाही. म्हणून रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपलेल्या बाईची उपाशीपोटीची साखर सकाळी 160 दिसते. मेटफॉर्मिन नावाची जी पांढरी गोळी गावोगाव दिली जाते, तिचं मुख्य काम इथंच आहे, यकृताचा हात आखडायला लावणं.

दुसरा राग असा, की हा तर जाड माणसांचा, गादीवर बसणाऱ्यांचा रोग. आमच्या अंगावर मांस तरी आहे का? याचं उत्तर पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवलं. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबात दोघं अगदी सारखे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. बाहेरून सडपातळ आणि आत, पोटाच्या भोवती चरबी, असा हा भारतीय बांधा. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी नवजात बाळं मोजली तेव्हा तीही तशीच निघाली, वजनाला कमी आणि त्या मानाने चरबीला जास्त. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार पुढे चाळिशीत साखर होऊन निघू शकते. दुष्काळात वाढलेल्या आपल्या भागाला हे वाचून थोडं थांबावंसं वाटेल.

भाकरीबद्दल बोलायला मला जरा भीती वाटते, कारण इकडे ज्वारीवर शंका घेणं म्हणजे घरच्या माणसावर शंका घेण्यासारखं. ‘भाकरीनं साखर वाढत नाही’ हे वाक्य मी कंपाउंडरकडूनही ऐकलंय. खरं सांगायचं तर शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 65 ते 70 ग्रॅम पिष्ट असतं, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढंच. भाकरीचा फायदा आहे तो सोबतीचा. ती पिठलं, डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी यांच्याबरोबर खाल्ली जाते आणि तंतू, प्रथिनं, तेल मिळून साखर हळू चढते. तीच भाकरी तीनच्या पाच झाल्या, की हिशेब फिरतो. गुळाला तर काहीच सवलत नाही. त्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त साखरच असते.

कारलं, कडुलिंब, मेथी यांचं तर्कशास्त्र वेगळंच: गोडावर कडू. ऐकायला इतकं बरोबर वाटतं, की खोडून काढायला जीभ रेटत नाही. मेथीदाण्यातल्या चिकट तंतूंनी थोडा फरक पडतोही. पण कडूपणा जिभेवर असतो, रक्तापर्यंत तो जात नाही.

खरा घोळ होतो तो गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. लघवीला सारखं उठणं थांबतं, तहान शमते, अंगात तरतरी येते. ‘आता बरं वाटायलंय, मग कशाला खायची?’ तापाची गोळी ताप उतरला की बंद करतो, खोकल्याचं औषध खोकला गेला की. आयुष्यभराचा हा अनुभव या आजारात खोटा ठरतो. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते आणि तहान, थकवा ही लक्षणं ठळक होतात. 130 ते 180 च्या पट्ट्यात माणसाला बहुधा काहीही जाणवत नाही, आणि डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान मात्र तिथंही चालू राहतं.

तपासणीच्या आदले दोन दिवस भात बंद करणारे पुष्कळ आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केल्यासारखं ते. त्यांना ‘तीन महिन्यांची शुगर’ ही रक्ताची तपासणी (एचबीए1सी) पकडते. तांबड्या पेशी जवळपास 120 दिवस जगतात आणि त्या काळात जितकी साखर भेटेल तितकी त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते; दोन दिवसांच्या उपासाने ती सुटत नाही. एकच अडचण, अंगात लोह कमी असलेल्या बाईचा हा आकडा थोडा फुगू शकतो. आणि आपल्याकडे अशा बाया काही थोड्याथोडक्या नाहीत.

साखर जास्त होण्याची गावाला थोडीफार माहिती आहे. कमी होण्याची फार कमी. ग्लिमेपिराइडसारखी औषधं स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात, त्यामुळे आपण ती घेतोय हेही माहीत नसतं. सकाळी गोळी, दिवसभर निर्जळी एकादशी. दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. शेजारीण म्हणते, ऊन लागलं. खरं तर साखर 70 च्या खाली गेलेली असते आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली तर पंधरा मिनिटांत माणूस उठून बसतो. उपासाच्या दिवशी या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारलेलं बरं. संध्याकाळी साबुदाणा खाऊन भरपाई केली तर तो निव्वळ पिष्ट, म्हणजे त्याच दिवशी साखर दुसऱ्या टोकाला.

हेच संकट बीड-धाराशिवच्या ऊसतोड टोळ्यांवर मोठ्या प्रमाणात येतं. दसऱ्या-दिवाळीनंतर कोयता बाहेर पडतो. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. घरी बसलेलं असताना ठरवलेली गोळी फडात जड होऊ शकते. काही जण चक्कर आली म्हणून ती सोडतात, काहींची महिन्याची पुडी संपते आणि सरकारी दवाखाना राहतो मागे गावी. उन्हाळ्यात परत आल्यावर काम थांबतं, साखर चढते, आणि पुन्हा ‘निघते’.

आत्याबाईंना मागच्या वर्षी इन्शुलिन लागलं. गावात याचा अर्थ ‘आता शेवट’ असा घेतात. प्रत्यक्षात त्यांचं स्वादुपिंड थकलं होतं, एवढंच. फ्रीज नव्हता. नर्सताईंनी युक्ती सांगितली: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत बाटली. पाण्याचा एक ग्रॅम उडून जाताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता घेऊन जातो, माठातलं पाणी ज्याने गार होतं तेच हे. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, श्रावणात तितकं नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरायची, आणि बर्फात कधीच ठेवायची नाही. गोठलेलं इन्शुलिन फुकट जातं.

सुईची त्यांना आता सवय झालीय. पायाचं मात्र पटत नव्हतं. आधी पाय जळायचे, मुंग्या यायच्या. मग ते थांबलं आणि त्यांना वाटलं, बरे झाले. जास्त साखरेने संवेदना वाहणाऱ्या नसा झिजतात तेव्हा आधी त्या ओरडतात, मग गप्प होतात. त्यांची नात रोज रात्री मोबाइलच्या बॅटरीत तळवे बघते. गेल्या महिन्यात टाचेजवळ काळा ठिपका दिसला. तिने सुईने उकरलं, तर अर्ध्या पेराएवढा बाभळीचा काटा बाहेर आला, भोवती पू.

आत्याबाईंनी तो तळहातावर घेऊन दिव्याजवळ नेला. ‘ह्यो माझ्याच पायातला का गं?’