मृत्युपत्रात नाव चुकलंय? मूळ कागदाला पेन लावू नका

आमच्याकडं दस्त लिहून घ्यायला येणारे सारखं एकच विचारतात, मृत्युपत्रात नाव एक आणि आधारवर दुसरं, मग जमीन नावावर चढणार का नाही? बहुतेक वेळा चढते, मूळ कागद जसा होता तसा असला तर.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नावाचा घोळ घरोघरी आहे. शाळेचा दाखला मराठीत, उतारा कन्नडमध्ये, लेकीचं नाव लग्नात बदललेलं, आणि आजोबाचं नाव दोन-दोन नातवांना ठेवलेलं, त्यामुळं एकाच भावकीत दोन मारुती निघतात.

1925 च्या भारतीय वारसा कायद्यात याची सोय आहे. कलम 76 प्रमाणं नाव चुकलं पण वर्णनावरून माणूस कळतोय तर त्याचा हक्क जात नाही. समजा लिहिलंय 'भाऊ कल्लाप्पाचा दुसरा मुलगा परशराम', कल्लाप्पा नावाचा भाऊ एकच, त्याला परशराम नावाचा मुलगाच नाही आणि दुसऱ्या मुलाचं नाव सुरेश, तर वाटा सुरेशचा. एकाच वर्णनात दोघं बसत असतील तर कलम 80 खाली मृत्युपत्राबाहेरचा पुरावा देता येतो. मात्र नावाची जागा कोरीच सोडली असेल तर तिथं कुणाचं नाव घालायचं होतं याचा पुरावा चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. बरेचजण घरीच जुन्या नावावर काट मारून वर 'बरोबर' नाव लिहितात आणि मग आमच्याकडं येतात. कलम 71 बघा, सही झाल्यानंतर केलेल्या दुरुस्तीजवळ मृत्युपत्र करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती धरतच नाहीत, खालचं जुनं नाव वाचता आलं तर तेच चालतं, आणि वाचता येऊ नये असं गिरबटलं असेल तर तेही हातचं जातं. माणूस वारल्यावर तर घरातल्या कुणालाच त्यात अक्षर बदलायचा अधिकार नाही. साध्या चुकीचं प्रकरण बनावट कागदाचं होतं, भाऊबंद हरकत घेतात आणि वर्षं कोर्टात जातात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आम्ही वंशावळ, शाळेचा दाखला आणि घरातल्या सगळ्यांची आधारं मागतो म्हणून काहीजण चिडतात, बाहेर नुसत्या बाँडवर अॅफिडेविट करून देतात म्हणे. देतात की, पण 'दोन्ही नावं माझीच' हे तुम्हीच तुमच्याबद्दल सांगताय, हरकत आली की ते कमी पडतं. त्या नावाचा दुसरा कुणी घरात नाही हे कागदानं दाखवावं लागतं, म्हणून वेळ लागतो.

मृत्युपत्र करणारे हयात असतील तर नवीनच करा, स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घेतलेली बरी. मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग आणि भाषांतर आमच्याकडंच होतं, वाद असेल तर आधी वकिलाकडं जा असं आम्हीच सांगतो. येण्याआधी कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, बघून काय काय लागेल ते कळवतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, साध्या फाईलमधून आणा.