भाड्यासाठी बांधलेली घरं

ब्रिटनमध्ये पहिलं घर शोधणाऱ्यांना एजंट एकदा तरी नूतनीकरण केलेलं व्हिक्टोरियन (राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या काळातलं) टेरेस्ड घर दाखवतोच. विटांच्या घरांची लांबलचक ओळ, दोन्हीकडे शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, आत मात्र सगळं कोरं करकरीत. मुळात ही घरं राहणाऱ्याने विकत घ्यावीत म्हणून बांधलीच नव्हती. छोटे बिल्डर उसनवारी करून चार-सहा घरं उभी करत आणि थोडीफार पुंजी असलेली माणसं ती घेऊन भाड्याने देत. अगदी 1918 सालीही इंग्लंड-वेल्समधली चारातली तीन कुटुंबं भाड्यानेच राहत होती.

विटांवरचा कर 1850 मध्ये उठला, रेल्वेने वेल्समधली स्लेट (छपरावर घालायचा पातळ दगड) गावोगाव पोचवली आणि बांधकाम स्वस्त झालं. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्याची रुंदी, सांडपाणी, घरामागची मोकळी जागा यांचे नियम घातले. एकसारख्या सरळ गल्ल्या दिसतात त्या यातूनच.

1915 मध्ये ग्लासगोत भाडेकरूंनी भाडं भरायचं नाकारलं आणि सरकारने भाडी गोठवली. मग घरमालकांचा रस आटत गेला आणि पुढे कित्येक घरं राहत्या भाडेकरूंनाच विकली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर झोपडपट्टी म्हणून गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या. 1969 च्या गृहनिर्माण कायद्याने वारं फिरवलं. पाडण्यापेक्षा दुरुस्तीसाठी अनुदान द्या, असं धोरण आलं. पूर्वी संडास मागच्या अंगणात असे आणि आंघोळ पत्र्याच्या टबात. तेव्हा अनेकांनी घरामागे छोटी खोली वाढवून न्हाणीघर काढलं. म्हणून आजही कित्येक घरांत स्वयंपाकघर ओलांडून आंघोळीला जावं लागतं, आणि पाहुण्यांसमोर ती वरात काही सुखाची नसते!

खरेदीदाराने पाहायच्या त्या भिंती. नऊ इंच जाडीच्या, आत पोकळी नसलेल्या, चुन्यात बांधलेल्या. त्या ओल शोषतात आणि वाळतातही. दुरुस्तीच्या नावाखाली बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. ताज्या रंगामागे हेच लपलेलं असू शकतं, त्यामुळे चकचकीत किचनपेक्षा घराची तपासणी करणाऱ्या सर्वेअरच्या अहवालाला जास्त किंमत द्यावी, असं माझं मत.

पाडापाडी मात्र 1969 च्या कायद्यानंतरही कायमची थांबली नाही. 2002 मध्ये सरकारने उत्तर इंग्लंडमध्ये पुन्हा पाडापाडीची मोठी योजना आणली. लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागातल्या वेल्श स्ट्रीट्स नावाच्या गल्ल्या तिच्या कचाट्यात सापडल्या. बीटल्सच्या रिंगो स्टारचा जन्म इथल्याच मॅड्रिन स्ट्रीटवरचा. वर्षानुवर्षं घरं पत्रे ठोकून रिकामी पडली. अखेर 2015 मध्ये मंत्र्यांनी पाडकाम नाकारलं. मग काही ठिकाणी दोन घरांचं एक करून गल्ल्या नव्याने सजवल्या, आणि ही घरं विकायला नव्हे, भाड्यानेच दिली गेली.