‘आधी वाच्यार्थ’ या वादाची पार्श्वभूमी

‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.’ शब्दशक्तीच्या धड्यातले हे वाक्य आणि त्याचे उत्तर, दोन्ही आपल्याला पाठ असतात: वाच्यार्थाला, म्हणजे शब्दशः अर्थाला, बाधा येते (तो इथे जुळत नाही), म्हणून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ, लक्ष्यार्थ, घ्यायचा. पण ऐकताना मन खरेच या क्रमाने चालते का? आधी काचेच्या बांगड्या, मग अडखळणे, मग रणात पडलेली माणसे? गेल्या पन्नास वर्षांतला बराचसा वाद या एका ‘आधी’भोवती फिरला आहे.

१९७५ ते १९७९ या काळात इंग्रजीत लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांनी रूपकाच्या आकलनाची मांडणी केली, ती तीन पायऱ्यांची. शब्दशः अर्थ लावा, तो प्रसंगाला जुळत नाही हे ओळखा, मग दुसरा शोधा. ऐकणारा अर्थापर्यंत कोणत्या तर्काने पोहोचू शकतो, याचे ते वर्णन होते. मानसशास्त्रज्ञांनी त्याला घड्याळ लावले. पायऱ्या जास्त, तर वेळही जास्त लागायला हवा.

१९७८च्या एका प्रयोगात वाक्य असे होते: ‘धोक्याची पर्वा न करता फौज पुढे सरकली.’ काहींना त्याआधी खऱ्या सैनिकांची हकीकत वाचायला दिली, तर काहींना सांभाळणाऱ्या बाईच्या धमक्यांना न जुमानता तिला छळणाऱ्या पोरांची. आधीचा मजकूर तुटपुंजा असला की पोरांच्या ‘फौजे’ला जास्त वेळ लागे. तो ऐसपैस असला की फरक मिटे.

१९८२चा प्रयोग मला याहून देखणा वाटतो. पडद्यावर वाक्य येणार आणि ते शब्दशः खरे की खोटे एवढेच बटण दाबून सांगायचे. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ हे शब्दशः खोटेच. पण साध्या खोट्या वाक्यांपेक्षा इथे ‘खोटे’ म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. रूपकार्थ कुणी मागितला नव्हता, तरी तो मध्ये आला होता. वाच्यार्थाने काम भागत असतानाही दुसरा अर्थ जागा होतो, म्हणजे ‘बाधा’ ही त्याची पूर्वअट नव्हे.

इथून पुढे ‘दोन्ही अर्थ एकाच झपाट्यात कळतात’ असे सर्रास लिहिले जाऊ लागले, आणि ते पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढचे होते. वाक्याला लागलेला एकूण वेळ सारखा निघाला, म्हणून आतली वाटही एकच ठरत नाही. मेंदूतल्या विद्युतलहरींनी ती वाट थोडी दाखवली. ‘पावाला मोजे लावले’ अशा धर्तीचा विजोड शब्द वाचला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण लहर उठते, हे १९८०मध्ये दिसले होते. २००२च्या एका अभ्यासात रूपकात्मक शब्दांना हीच लहर साध्या शब्दांपेक्षा मोठी मिळाली. म्हणजे यंत्रणा तीच, श्रम अधिक. वेगळी तिसरी पायरी काही सापडली नाही.

आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रात अकराव्या शतकात लक्षणेच्या, म्हणजे लक्ष्यार्थ देणाऱ्या शब्दशक्तीच्या, तीन अटी नेमक्या सांगितल्या गेल्या: मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘मग प्रयोगशाळेने नवे काय केले?’ हा प्रश्न त्यामुळे हमखास येतो. पण त्या अटी अर्थ ग्राह्य का मानायचा याच्या आहेत, मिलिसेकंदांच्या नाहीत. काळाचा विचार शास्त्राने केलाच नाही, असेही नाही. रसादी ध्वनी, म्हणजे शब्दांतून सूचित होणारे रस-भाव, ‘असंलक्ष्यक्रम’ असतो: क्रम आहे, पण जाणवत नाही. कमळाच्या शंभर पाकळ्या सुईने एकदम भोसकल्यासारख्या वाटतात, तसा.

खरी गुंतागुंत ‘वाच्यार्थ’ या शब्दातच आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत आणणारा, म्हणून ‘निपुण’ हा लक्ष्यार्थ, असे एक मत होते. चौदाव्या शतकात ते खोडून काढले गेले: व्युत्पत्तीचे कारण वेगळे, वापराचे कारण वेगळे. १९९७मध्ये मानसशास्त्रात जवळपास हाच मुद्दा आला, की मनात आधी येतो तो शब्दशः अर्थ नव्हे, तर सरावाने ठळक झालेला अर्थ. ‘कुठे माशी शिंकली?’ असे ऐकल्यावर माशी कुणाला दिसते?

वाक्प्रचारांचेही तसेच. १९७३मध्ये ते मनातल्या वेगळ्या यादीत साठवलेले असावेत, असा अंदाज होता. १९८८मध्ये इटालियनवरच्या कामातून पुढे आलेले मत असे, की सुरुवातीला शब्द साधेच वाचले जातात आणि ओळखीची खूण पटली की वाक्प्रचार उलगडतो. मराठीत क्रियापद शेवटी. ‘त्याने हात…’ इथवर काहीच ठरत नाही. धुतले, मारला, टेकले, काहीही येऊ शकते. ‘त्याच्या तोंडाला पाने…’ म्हटले की मात्र ‘पुसली’ यायच्या आतच फसवणूक कळलेली असते.