हजार रुपयांचे बूट आणि रामटेकची वाट

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या रात्री नागपूरहून रामटेकला पायी निघालेल्या आमच्या छोट्या गटात माझ्या पायांतले बूट सर्वांत स्वस्त होते. नागपूरच्या बर्डी बाजारात हजार रुपयांच्या आत मिळालेले, वजनाला हलके आणि दिसायलाही चांगले. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला आणि पहाटेच्या सुमारास उजव्या बुटाचा सोल चवड्यापाशी सुटून दर पावलाला फटफट वाजू लागला. विजेरीच्या उजेडात बूट हातात घेऊन पाहिला, तर वरचे कापड शाबूत होते, तळाच्या रबराची नक्षी जवळजवळ नवी होती आणि आतली गादीही दबलेली नव्हती. निकामी झाला होता तो या सगळ्यांना धरून ठेवणारा, कागदाइतका पातळ असा गोंदाचा थर. उरलेले अंतर मी बुटाला सुतळी गुंडाळून चाललो. स्वस्त साहित्य लांबच्या पायी प्रवासाला पुरते का, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून मी किमतीच्या चिठ्ठीऐवजी वस्तूच्या जोडांमध्ये शोधतो.

या वाटेवर बुटाला काय सोसावे लागते, याचा हिशेब सोपा आहे. नागपूर ते रामटेक हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. साधारण उंचीचा माणूस एका किलोमीटरला १,३०० ते १,४०० पावले टाकतो. म्हणजे एकेका पायाच्या वाट्याला ३३,००० च्या आसपास पावले येतात. सपाट रस्त्यावर चालताना पाऊल टेकते तेव्हा जमिनीवर पडणारा जोर शरीराच्या वजनाहून थोडा अधिक, सुमारे १.१ पट असतो. ७० किलो वजनाच्या माणसासाठी या सगळ्या पावलांचा भार एकत्र मोजला, तर एकाच बुटावर एका रात्रीत सुमारे २,५०० टनांची बेरीज होते. प्रत्येक पावलाला बूट चवड्यापाशी वाकतो, आणि वाकताना वरचा थर व खालचा थर एकमेकांवरून सरकू पाहतात. त्या सरकण्याला अडवण्याचे काम गोंद करतो.

आजचे बहुतेक हलके बूट शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात, आणि त्यात गैर काही नाही, कारण महाग बूटही असेच बनतात. कारखान्यात दोन्ही पृष्ठभागांवर गोंद लावून तो वाळवतात, मग साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मऊ करतात आणि दाबून चिकटवतात. येथेच नागपूरचा संबंध येतो. मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी उन्हात तापलेली गच्ची किंवा डांबरी रस्ता ६० अंशांच्या घरात सहज पोहोचतो. ज्या उष्णतेने गोंद मऊ करून बूट जोडला, तितकीच उष्णता त्याला पुन्हा दिली, तर जोड ढिला पडण्याची शक्यता उघड आहे. माझे ते बूट पूर्ण उन्हाळा पश्चिमेच्या बाल्कनीत पडून होते. कन्हानच्या पुलापलीकडे जे घडले, त्याची सुरुवात मे महिन्यात झाली होती, हे मला फार उशिरा उमगले.

महाग बूट यातून सुटतात असे मात्र समजू नये. माझ्या मामेभावाचे भारी ट्रेकिंगचे बूट सहा-सात वर्षे कपाटात जपून ठेवलेले होते; पचमढीला ते घालून निघाला आणि दुसऱ्याच दिवशी टाचेखालचा मधला थर शिळ्या भाकरीसारखा चुरा होऊन गळू लागला. बुटाच्या मधल्या थरासाठी मुख्यतः दोन प्रकारचे फोम वापरतात, पॉलियुरेथेन आणि ईव्हीए. पॉलियुरेथेन दीर्घकाळ दबत नाही, म्हणून ते भारी बुटांत घालतात. पण हवेतील बाष्पाशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात, आणि बूट न वापरतादेखील हे चालूच राहते. स्वस्त बुटांतला ईव्हीए फोम अशा रीतीने कुजत नाही. तो दबतो. त्यातील हवेचे सूक्ष्म कप्पे चेपत जातात आणि साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्याची उशी कठीण लागू लागते. म्हणून रामटेकसाठी असा बूट पुरेसा आहे, वारीसाठीही पुरेसा आहे, मात्र नर्मदा परिक्रमेसारख्या चालीत तो वाटेत अनेकदा बदलावा लागेल हे धरूनच निघावे.

गोंद सुटण्यावरचा उपाय आपल्या गावात फार जुना आहे. बर्डीच्या फूटपाथवर बसणारे एक मोचीकाका नवा बूट हातात घेतात, सोलची कड अंगठ्याने मागे ओढून पाहतात, आरीने कडेच्या रबरातून तिरके भोक पाडतात आणि मेण चोळलेला जाड नायलॉनचा दोरा दोन्ही बाजूंनी ओवून टाका आवळतात. फोममधून टाका घेतला तर ताणलेला दोरा फोमलाच चिरतो, म्हणून ते रबराची कड सोडत नाहीत. मी कारण विचारले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, “भाऊ, गोंद उन्हाले भेते, दोरा नाही भेत.” या शिवणीच्या भोकांतून थोडे पाणी आत येते हे खरे, पण सोल जागेवर राहतो.

हलक्या बुटांच्या बाजूने आणखी एक भक्कम कारण आहे. पायात बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे, पुढे फेकावे आणि थांबवावे लागते, त्यामुळे तेवढेच वजन पाठीवर वाहण्याच्या तुलनेत त्याला सुमारे चार ते सहा पट ऊर्जा लागते, असे चालण्यावरील प्रयोगांत दिसून आले आहे. जाड चामडी बुटांचा जोड साध्या स्पोर्ट्स शूजपेक्षा ६०० ग्रॅमने जड असेल, तर तो फरक पाठीवर अडीच ते साडेतीन किलो जादा वाहण्यासारखा आहे. त्यातून आपली काळी माती. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावरून चालताना बुटाला असे चिकटतात, की शंभर पावलांत पाय दुप्पट जड वाटू लागतो. अशा मातीसाठी दाट नक्षीचा सोल घेऊ नये. दूर दूर खुंट असलेला सोल चिखल झटकतो.

१९५५ साली अमेरिकेत एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजींनी सुमारे ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट सुमारे पाच महिन्यांत एकटीने चालून पूर्ण केली. त्यांच्या पायांत कॅनव्हासचे साधे बूट होते, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. वाटेत त्यांना बुटांचे अनेक जोड बदलावे लागले, पण तसे कॅनव्हासचे बूट वाटेवरच्या कुठल्याही गावात मिळू शकत होते. विदर्भातून पंढरपूरला पायी जाणारे वारकरी चपलेचा अंगठा तुटला की पुढच्या मुक्कामी तो शिवून घेतात, ती रीत याच जातीची आहे.

चालणाऱ्याला वाटेतून परत पाठवणारी गोष्ट बहुधा फोड असते, आणि येथे मात्र मी काटकसर करू नये असे म्हणेन. फोड केवळ घासण्याने येतो ही समजूत अपुरी आहे. पाऊल पडते तेव्हा आतले हाड पुढे सरकते, पण त्वचेचा पृष्ठभाग मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून जागीच राहतो. त्यामुळे मधल्या मऊ थरांवर कातरीसारखा ताण येतो आणि हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेच्या आतच एक फट पडून तिच्यात द्रव भरतो. घामाने ओलसर झालेली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक घर्षण निर्माण करते. कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे घाम सुती मोज्यात मुरून राहतो. हजाराचे बूट घ्यावेत, पण कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरमिश्रित चांगले मोजे दोन जोड घ्यावेत, आणि आत एक पातळ मोजा घालावा, म्हणजे सरकण्याचे काम दोन मोज्यांमध्ये होते आणि त्वचा सुटते. दिवसभर चालून पाय फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी, तेच मोजे घालून, अर्धा ते एक नंबर मोठा पाहून घ्यावा. मापात बसणारा स्वस्त बूट न बसणाऱ्या महाग बुटापेक्षा शतपटीने बरा.

पावसाच्या कपड्यांबाबत तर भौतिकशास्त्र गरिबाच्याच बाजूने आहे. नागपंचमीच्या सुमारास नागपुरातून आणि सगळ्या विदर्भातून माणसे पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात आणि सातपुड्याच्या धो धो पावसात डोंगर चढतात-उतरतात. अशा वेळी दहा-पंधरा हजारांचे ‘श्वास घेणारे’ जॅकेट हवे असे अनेकांना वाटते. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवता येतो हे शोधले, त्यातून अशा जॅकेटांचे गोअर-टेक्स हे कापड निघाले. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. ‘जाऊ शकते’ एवढेच. तिला बाहेर ढकलणारे बळ म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबांतील फरक. ३५ अंशांच्या घामेजल्या त्वचेपाशी बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. आल्प्समधल्या एखाद्या ५ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या दिवशी बाहेरचा दाब जेमतेम ०.७ असतो, म्हणजे फरक ४.९. आपल्याकडे श्रावणात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरचाच दाब ३.४ होतो आणि फरक २.२ उरतो, निम्म्याहूनही कमी. त्यात बाहेरचे कापड पाणी पिऊन जड झाले की वाफेची वाट आणखी अडते. चढ चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. तो मग आतच साचतो. ज्या गुणाचे पैसे मोजले, तो गुण या हवामानात नीट काम करू शकत नाही. सैल प्लास्टिकचा पोंचो खालून उघडा असतो, त्यातून वारा खेळतो. घाट नसलेल्या सपाट वाटेवर तर छत्रीसारखे साधन नाही. रेनकोट घ्यायचाच असेल तर शिवलेल्यापेक्षा उष्णतेने जोडलेल्या शिवणींचा घ्यावा, कारण सुईचे प्रत्येक भोक हे गळतीचे ठिकाण असते.

पाठीवरच्या सॅकचे कापड क्वचितच फाटते. कापडावर लिहिलेला ‘डेनियर’ हा आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. बाजारातल्या साध्या सॅकमध्ये ६०० डेनियरचे पॉलिएस्टर सर्रास असते आणि ते पुरेसे जाड आहे. तुटतो तो खांद्याचा पट्टा, आणि तो वरच्या शिवणीतून निघतो. सॅक उलटी करून पाहावी: पट्ट्याचे टोक एकाच सरळ शिवणीत दाबलेले असेल तर ते दहा किलो फार दिवस पेलणार नाही, चौकोन आणि आत फुली अशी शिवण असेल तर पेलेल. ती नसेल तर पन्नास-शंभर रुपयांत घालून मिळते. चेन बसत नसेल तर दोष बहुधा दात्यांत नसतो, झिजून रुंद झालेल्या रनरमध्ये असतो, आणि तो बदलता येतो. जे दुरुस्त होत नाही ते कंबरेच्या पट्ट्याचे. चांगल्या सॅकमध्ये पाठीमागे ताठ पाट असतो आणि कंबरेचा जाड पट्टा भाराचा मोठा वाटा खांद्यांवरून काढून कटीच्या हाडांवर टाकतो; स्वस्त सॅकमधली कंबरेची पट्टी ओझे हलू देत नाही एवढेच, भार उचलत नाही. सहा-सात किलोंपर्यंत हा फरक जाणवत नाही, त्यापुढे प्रत्येक किलोला जाणवतो. म्हणून स्वस्त सॅक घेणाऱ्याने ओझेच कमी ठेवावे.

झोपण्याच्या साहित्यात मध्य भारतासाठी सोलापुरी चादर आणि खाली फोमची चटई पुरते. हिमालयात मात्र नाही. स्लीपिंग बॅगवर तीन तापमाने छापतात आणि स्वस्त बॅगेवर त्यांतले सर्वांत थंड तेवढे ठळक अक्षरांत असते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणून दिलेल्या त्या तापमानाला माणूस सुखाने झोपतो असे नाही. तो काही तास कसाबसा तग धरतो आणि हिमदंशाचा धोका उरतोच. पाहायचे ते ‘कम्फर्ट’ तापमान. येथे चूक झाली तर सुतळीने बांधता येत नाही.

रामटेकनंतर घेतलेला माझा जोडही हजाराच्या आतलाच आहे. घेतल्या दिवशीच मोचीकाकांकडून कडेने टाके घालून घेतले, आणि उन्हाळाभर तो आतल्या खोलीत, पलंगाखाली ठेवला. मग पाठीवर सहा किलो घेऊन नागपुरातल्याच अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स अशा पंधरा किलोमीटरच्या तीन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत डाव्या करंगळीजवळ आतली शिवण टोचू लागली; काकांनी तेथे मऊ चामड्याचा, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा आतून लावून दिला. तिसऱ्या फेरीत ती जागा जाणवली नाही.