व्यसनमुक्ती आणि कुटुंब (सोलापूर)

व्यसन लागू न देणे, लागलेच तर माणसाला उपचारापर्यंत नेणे आणि सुटलेले पुन्हा जडू न देणे, या तिन्ही टप्प्यांवर घरच्यांच्या वाट्याला येणारे काम.

सोलापुरात विडी कामगार महिला पाने-तंबाखू घरी आणून विड्या वळतात, त्यामुळे तंबाखूचे सूप मुलांच्या हाताशीच असते. तंबाखू झाकून उंचावर ठेवावा, मुलांना विड्या वळायला बसवू नये, पुडी आणायला टपरीवर तर मुळीच पाठवू नये. मिश्री लावणारी आजीही नातवंडांसमोर ती लावणे टाळू शकते.

दारूच्या बाबतीत सर्वांत घातक चूक म्हणजे रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडणे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तो अंगावरचे नसलेले किडे झटकू लागला, तर जिवाला धोका आहे. तडक दवाखान्यात न्यावे. त्याआधीच छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे केव्हाही चांगले. ‘आधी सलाईन लावा’ असा आग्रह धरू नये. सलाईनमधल्या ग्लुकोजपूर्वी बी-१ जीवनसत्त्व मिळाले नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते. शिंदी पिणारा असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; भेसळीतले क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे रसायन अचानक बंद झाल्यानेही फिट येते.

भाजीत किंवा चहात गुपचूप औषध घालणे हा दुसरा धोका. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांनी तपासून दिलेली हीच गोळी रुग्णाच्या संमतीने रोज सकाळी बायको किंवा आईसमोर घेतली, तर मात्र उपयोगी पडते.

पिणाऱ्याशी बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि एकच ठोस मागणी ठेवून: ‘उद्या डॉक्टरांकडे जायचं.’ गुत्त्यावरची उधारी फेडणे, कारखान्यात ‘ताप आलाय’ असा खोटा निरोप धाडणे थांबवावे. पगाराची संध्याकाळ, वरात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यांचे बेत आधीच ठरवावेत. पुन्हा प्यायलाच, तर भांडणात दिवस न घालवता लगेच डॉक्टरांना कळवावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर घरचेही फोन करू शकतात.