सोयाबीन-गव्हाच्या रानात कोणती बॅग कमी करायची?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

सोयाबीनला एकरी डीएपी खताची एक बॅग आणि गव्हाला पुन्हा एक, असा बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. या बॅगा आमच्याच दुकानातून जातात, तरी आधी हा हिशोब वाचा.

डीएपीच्या 50 किलोच्या बॅगेत 23 किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. दोन पिकांचं मिळून 46 किलो झालं. एकरी 8 क्विंटल सोयाबीन आणि 15 क्विंटल गहू निघाला, तर दोन्ही पिकं मिळून साधारण 20 ते 25 किलोच स्फुरद रानाबाहेर नेतात. उरलेलं काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुन्याशी बांधलं जातं आणि वर्षानुवर्षं साचतं. स्फुरद फार वाढलं की पिकात जस्ताची कमतरताही दिसू लागते.

म्हणून माती परीक्षणात स्फुरद 'जास्त' आलं असेल, तर सोयाबीनला डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन बॅगा आणि थोडा युरिया द्या. त्यातून 16 किलो स्फुरद मिळतं, शिवाय तेलबियांना लागणारं गंधकही. बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळायला विसरू नका. गव्हाला डीएपीची अर्धी बॅग पेरणीसोबत द्या. ती मात्र बंद करू नका, कारण थंडीत कोवळ्या मुळांना जमिनीतलं स्फुरद पटकन उचलता येत नाही.

"सोयाबीन नत्र (नायट्रोजन) सोडून जातं, मग गव्हाला युरिया कशाला?" असं बरेच जण विचारतात. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात हे खरं, पण क्विंटलभर दाण्यासोबत सुमारे 6 किलो नत्र बाजारात जातं. मागे उरतो तो पालापाचोळा आणि मुळं. त्यामुळे युरियात मोठी कपात करू नका, वेळ साधा: अर्धं नत्र पेरणीला, उरलेलं 21 दिवसांच्या सुमारास, मुकुटमुळं फुटताना, पाण्याच्या पाळीबरोबर.

आम्हाला खरी काळजी वाटते ती पालाशची (पोटॅशची). डीएपीत ते नाही, युरियातही नाही. गव्हाच्या दाण्यात थोडंच जातं, पण दोन टन गव्हांडा (गव्हाचा पेंढा) विकला की 20 किलोच्या आसपास पालाश ट्रॉलीत भरून गेलं. गव्हांडा, सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) रानात कुजवा, किंवा जनावरांना घातलंत तर शेणखत त्याच रानात परत टाका. पेटवू नका, त्यात नत्र आणि गंधक धुरात जातं.

गहू निघाल्यावर नमुना घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करून अर्धा किलो आणा. सोबत एकरी उतारा आणि गव्हांडा विकला की ठेवला, तेही सांगा. बॅगांचा आकडा त्यावरूनच काढून देऊ.